पिट स्टॉपचा वेळ कोण ठरवतं, पेट्रोल की टायर?

सर्किटवेडा

दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालला होता की २००४ सालचे फॉर्म्युला वनचे मेकॅनिक आजच्यापेक्षा मंद होते का. तेव्हाचा चांगला पिट स्टॉप (शर्यतीत मध्येच टायर किंवा पेट्रोलसाठी घेतलेला थांबा) सात-आठ सेकंदांचा आणि आजचा सव्वादोन-अडीचचा, म्हणजे आजची माणसं तिप्पट चपळ, असा हिशेब बरेच जण मांडत होते. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

गाडी उभी असताना टायर आणि पेट्रोल ही दोन्ही कामं एकदम चालू असतील, तर गाडी सुटणार ती उशिरा संपणाऱ्या कामावर. १९९४ ते २००९ या काळात शर्यतीच्या मध्ये पेट्रोल भरायची मुभा होती आणि उशिरा संपणारं काम जवळजवळ नेहमी पेट्रोलच असायचं. सगळ्या संघांना एकसारखंच रिग (पेट्रोल भरायचं यंत्र) वापरावं लागे आणि त्यातून सेकंदाला १२.१ लिटर, म्हणजे साधारण ९ किलो पेट्रोल जायचं. पैसा ओतून किंवा सराव करून हा वेग वाढत नसे. ६० किलो भरायचं तर साडेसहा सेकंद नुसत्या प्रवाहाला. त्यात नळी नीट बसणं आणि सुटणं धरलं की आठ सेकंद झालेच. तेवढ्या वेळात चारही चाकं बदलून मेकॅनिक हात वर करून उभे असायचे. टायरवाल्यांनी एक सेकंद वाचवला तरी गाडी एक क्षणही आधी सुटत नसे.

याचा सगळ्यात चांगला पुरावा २००५ चा मोसम आहे. त्या वर्षी टायर बदलण्यावरच बंदी होती. पात्रता फेरी (सुरुवातीचे क्रमांक ठरवणारी) आणि पूर्ण शर्यत एकाच संचावर काढायची, पंक्चर वगैरे झालं तरच नवा टायर. पेट्रोल मात्र चालू होतं. टायरचं काम पूर्ण गेलं तर थांबे झटक्यात छोटे व्हायला हवे होते, पण तसं काही झालं नाही, कारण नळीचा वेग तोच राहिला. उलट २०१० मध्ये पेट्रोल बंद झालं आणि थांबे लगेच चार सेकंदांच्या आसपास आले. तीच माणसं आणि बरीचशी तीच अवजारं असून.

त्यामुळे २००४ चा स्टॉप आणि आजचा स्टॉप यांची तुलनाच करता येत नाही. तेव्हा घड्याळ नळी मोजत होतं, आज माणसांचे हात मोजतं.

---

नवखी_प्रेक्षक

छान मांडलंय. मी गेल्या दोन-तीन मोसमांपासूनच बघायला लागले, त्यामुळे पेट्रोल भरताना कधी पाहिलेलं नाही. एक शंका आहे. पेट्रोलमुळेच सगळं अडत होतं तर जास्त दाबाने का भरत नव्हते? आणि बंद का केलं?

---

निळा_झेंडा

@नवखी_प्रेक्षक, दाबाने भरून झालंय. १९८२ मध्ये ब्रॅबहॅमचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी हिशेब केला की अर्धीच टाकी आणि मऊ टायर घेऊन सुरुवात करायची, मध्ये एकदा थांबून दोन्ही ताजं करायचं, तरी एकूण वेळ वाचतो. तोपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये ठरवून थांबण्याची पद्धत जवळजवळ संपलेली होती. नवे टायर थंड राहू नयेत म्हणून त्यांनी ते भट्टीसारख्या पेटीत तापवून ठेवले. पेट्रोल दाबाने ढकलत. १९८३ पर्यंत बहुतेकांनी हाच मार्ग धरला आणि धोकाही लगेच दिसला. त्या वर्षी ब्राझीलमध्ये केके रोसबर्गची विल्यम्स गाडी पिटमध्ये (थांब्याच्या जागी) पेटली. तो बाहेर उडी मारून आला, आग विझली, परत बसला आणि दुसरा आला. गाडी ढकलून सुरू केली म्हणून नंतर त्याला बाद केलं, ते वेगळं. १९८४ पासून पेट्रोल भरणं बंद.

१९९४ ला परत आलं तेव्हा एकसारखं रिग आणि ठरावीक प्रवाह या अटी त्यासाठीच घातल्या. तरीही त्याच वर्षी हॉकेनहाइमला योस व्हर्स्टापेनच्या बेनेटनवर पेट्रोल उडालं आणि गाडीसकट माणसं ज्वाळांत सापडली. सुदैवाने सगळे भाजण्यावर निभावले. त्या रिगमधला फिल्टर काढलेला होता, असं चौकशीत निघालं. पुढच्या वर्षी स्पाला एडी अर्व्हाइनची जॉर्डन पेटली.

२००८ सिंगापूर विसरता येत नाही. फेरारीचा मासा पहिल्या क्रमांकावर होता. फेरारी तेव्हा लॉलिपॉप (थांबा-निघा सांगणारी काठीवरची पाटी) धरणाऱ्या माणसाऐवजी दिवे वापरायची. हिरवा दिवा आधी लागला आणि मासा नळी तोडून तशीच ओढत निघाला. पिट लेनच्या (थांब्यांसमोरून जाणाऱ्या रस्त्याच्या) टोकाला गाडी उभी, आणि मेकॅनिक धावत जाऊन नळी उपसतायत. विजय हातातून गेला आणि मोसमाच्या शेवटी विजेतेपद एका गुणाने गेलं. २००९ ला ब्राझीलमध्ये कोवालायनन नळी घेऊन निघाला, मागून येणाऱ्या रायकोनेनच्या गाडीवर पेट्रोल उडालं आणि क्षणभर आगीचा लोळ उठला.

तेव्हा बंद का केलं याला खर्च आणि सुरक्षा ही दोन्ही कारणं आहेत. रिग जगभर वाहून न्यायला भरपूर पैसा लागायचा. माझ्या लेखी सुरक्षेचं कारण एकटंही पुरेसं होतं.

---

चौथा_गिअर

धागा उत्तम, पण मी पेट्रोलच्या बाजूने बोलणार.

सर्किटवेडा म्हणतात घड्याळ नळी मोजत होतं. बरोबर आहे, पण त्या नळीत किती वेळ पेट्रोल सोडायचं हा निर्णय डोक्याचा होता आणि तीच खरी शर्यत होती. तेव्हाची गाडी एका फेरीला तीन किलोच्या आतबाहेर पेट्रोल खायची. म्हणजे एक फेरी जास्त पळायचं तर पिटमध्ये एक-तृतीयांश सेकंद जास्त उभं राहायचं. शिवाय वजन. दहा किलो जास्त असले की सर्वसाधारण सर्किटवर फेरीमागे सुमारे ०.३ सेकंद जातात. म्हणजे त्या एका फेरीच्या पेट्रोलमुळे आधीच्या प्रत्येक फेरीत दशांश सेकंद गमवायचा. आता बसून ठरवा की दोनदा थांबायचं, तीनदा, की चारदा.

चारदा म्हटलं की २००४ ची फ्रान्सची शर्यत. तिथल्या मॅनी-कूर सर्किटची पिट लेन छोटी, शेवटची वळणं टाळून आत शिरणारी, त्यामुळे एका जादा थांब्याचा तोटा कमी. फेरारीने शूमाकरला चार वेळा थांबवलं, दरवेळी थोडंसंच पेट्रोल, गाडी कायम हलकी. अलोन्सोला मागे टाकून तो जिंकला. आज असा डाव खेळायला वावच नाही.

आणि २००३ पासून तर शर्यतीच्या पेट्रोलवरच पात्रता फेरी असायची. पोल पोझिशनवाला (सगळ्यात पुढून सुरुवात करणारा) खरंच वेगवान आहे की टाकी रिकामी ठेवून पुढे आलाय, हे रविवारी पहिल्या थांब्यापर्यंत कळायचं नाही. ती धाकधूक मला अजूनही हवीहवीशी वाटते.

---

सर्किटवेडा

@चौथा_गिअर, मॅनी-कूरबद्दल पूर्ण सहमत, ती शर्यत मी कितीही वेळा बघू शकतो. पण त्याच काळात ओव्हरटेक ट्रॅकवर कमी आणि पिटमध्ये जास्त व्हायचे, हेही धरा. मागचा ड्रायव्हर जीव काढून पुढच्याला गाठायचा आणि मग प्रयत्न न करता थांबून राहायचा, कारण पुढच्याचं पेट्रोल आधी संपणार हे त्याला माहीत असायचं.

पेट्रोल गेल्यावर डाव उलटा कसा झाला, हे बघण्यासारखं आहे. पेट्रोलच्या काळात शेवटी थांबणारा फायद्यात असायचा. समोरचा पिटमध्ये जाऊन टाकी भरून जड होऊन येतो, तोवर याची गाडी जवळजवळ रिकामी आणि हलकी. दोन-तीन फेऱ्या तुफान काढायच्या आणि मग पिटमध्ये जाऊन त्याच्या पुढे यायचं. आता दोघंही पूर्ण शर्यतीचं पेट्रोल घेऊनच निघतात, वजन दोघांचं सारखंच उतरत जातं. फरक उरतो फक्त टायरचा. म्हणून आधी थांबून ताज्या टायरवर वेगवान फेरी काढणारा फायद्यात, ज्याला आपण अंडरकट म्हणतो. एका नियमामुळे "शक्य तितकं उशिरा" चं "शक्य तितकं लवकर" झालं.

---

टॉर्क

मला टायरच्या बाजूचं लिहायचंय, कारण दोन सेकंदांत काय काय घडतं ते टीव्हीवर नीट दिसत नाही. मी हे स्लो मोशनमध्ये पुन्हा पुन्हा बघत असतो.

प्रत्येक चाकाला तीन माणसं. एक व्हील गनवाला (चाकाचा नट फिरवणारं यंत्र धरणारा), एक जुनं चाक काढणारा, एक नवं बसवणारा. म्हणजे बारा. पुढे आणि मागे जॅकवाले, दोन्ही बाजूंनी गाडी धरून ठेवणारे, पुढच्या विंगचा कोन बदलणारे, राखीव जॅकवाले मिळून वीसच्या आसपास लोक. गनवाल्याकडे बघा. गाडी अजून थांबलेलीही नसते आणि त्याची गन नट जिथे येणार त्या उंचीवर आडवी धरलेली असते. गाडी थांबतानाच सॉकेट नटावर बसतं. चाकाला एकच नट, आणि तो सुटून खाली पडत नाही, चाकातच अडकून राहतो. नट सुटतो, चाक निघतं, दुसऱ्या बाजूने नवं चाक आत येतं, तोवर गनची फिरण्याची दिशा उलटलेली असते. नट आवळला की गनवरचं बटण दाबून तो काम झाल्याचं कळवतो. चारही बटणं आली की जॅक खाली, दिवा हिरवा. पुढचा जॅकवाला तर गाडीच्या थेट समोर उभा असतो. त्याच्या जॅकचा दांडा वळतो, म्हणून गाडी खाली सोडायच्या आधीच तो बाजूला झालेला असतो.

ड्रायव्हरचाही वाटा आहे. गाडी वीतभर पुढे-मागे थांबली तर चारही गनवाल्यांना गुडघ्यावर सरकावं लागतं, आणि तिथे अर्धा सेकंद सहज जातो.

विक्रम सांगायचे तर २०१९ ला ब्राझीलमध्ये रेड बुलने मॅक्स व्हर्स्टापेनची गाडी १.८२ सेकंदांत सोडली, आणि २०२३ ला कतारमध्ये मॅक्लारेनने नॉरिसची १.८० मध्ये. दुसरा आकडा मला जास्त मोठा वाटतो. मधल्या काळात २०२१ ला नियम आला की नट आवळल्याची खूण आणि जॅक खाली येणं यात किमान ०.१५ सेकंद, आणि जॅक खाली येणं ते हिरवा दिवा यात किमान ०.२ सेकंद गेलाच पाहिजे. यंत्राने परस्पर गाडी सोडू नये, माणसाने बघून सोडावी म्हणून. त्यात २०२२ पासून चाकं १८ इंची आणि जास्त जड. एवढं होऊनही १.८०!

---

नवखी_प्रेक्षक

गन धरण्याचं वर्णन वाचून कालची शर्यत परत लावली आणि खरंच दिसलं! धन्यवाद.

पण दोन सेकंद आणि अडीच सेकंद, एवढ्याने खरंच काही बिघडतं का? गाडी पिट लेनमधून जाण्यातच वीस-बावीस सेकंद जातात ना?

---

टॉर्क

बिघडतं. पिट लेनमध्ये बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. ३५० मीटरच्या पट्ट्याला सोळा सेकंद, आणि हा वेळ सगळ्यांना सारखाच. दोन गाड्या एकदम आत आल्या आणि एकीला ०.३ सेकंद जास्त लागला, तर ती साडेसहा मीटर मागे पडली. गाडीची लांबी साडेपाच मीटर आहे. म्हणजे पुढे असलेली गाडी आता मागे. तोच क्रमांक ट्रॅकवर परत मिळवायला कधी वीस फेऱ्या लागतात, मोनॅकोसारख्या ठिकाणी तर मिळतच नाही.

मात्र संघांची खरी धडपड १.८ साठी नसते. वीस थांब्यांपैकी वीसही अडीचच्या आत बसले पाहिजेत यासाठी असते. एक थांबा पाच सेकंदांचा झाला तर आधी वाचवलेले सगळे दशांश गेले.

---

निळा_झेंडा

पाच सेकंद तरी बरे. २०२१ मोनॅको आठवा. बोटास दुसऱ्या क्रमांकावर होता. पुढच्या उजव्या चाकावर गन किंचित तिरकी बसली आणि नटाच्या खाचाच खरवडल्या गेल्या, स्क्रूचं डोकं झिजल्यावर पेचकस नुसता फिरत राहतो तसं. शर्यत तिथेच संपली. चाक निघालं ते गाडी कारखान्यात परत नेल्यावर.

आणि २०१८ बहारीन. रायकोनेनच्या गाडीचं डावं मागचं चाक निघालंच नव्हतं तरी हिरवा दिवा लागला. चाकासमोर उभ्या असलेल्या मेकॅनिकचा पाय मोडला. पेट्रोल काढलं म्हणून पिट सुरक्षित झाला असं नाही. आग गेली, पण घाई वाढली. पेट्रोलच्या काळात टायरवाल्यांकडे दोन-तीन सेकंद मोकळे असायचे, नट नीट बसला का ते दुसऱ्यांदा बघता यायचं. आता तो वेळच उरलेला नाही. २०२१ चा नियम मला म्हणूनच योग्य वाटतो.

---

ओव्हलप्रेमी

सगळी चर्चा फॉर्म्युला वनचीच चालली आहे. नॅसकार या अमेरिकेतल्या मालिकेत पेट्रोल आणि टायरची रस्सीखेच आजही डोळ्यांसमोर चालू आहे.

तिथे भिंतीवरून उडी मारून आत येणारे पाचच जण. पेट्रोल दाबाने येत नाही. खांद्यावर उचललेल्या मोठ्या कॅनमधून, स्वतःच्या वजनाने उतरतं. जॅकवाला आधी उजवीकडे धावतो, दोन टायर, मग गाडीला वळसा घालून डावीकडचे दोन. २०२१ पर्यंत प्रत्येक चाकाला पाच नट होते आणि चार टायरचा थांबा बारा-तेरा सेकंदांपर्यंत जायचा. तेवढ्यात पेट्रोलही जवळपास भरून व्हायचं. २०२२ च्या नव्या गाडीला एकच नट आला, टायरचं काम नऊ-दहा सेकंदांवर आलं, आणि मग टाकी पूर्ण भरायची असली की सगळे कॅनवाल्याकडे बघत उभे. सर्किटवेडांनी २००४ बद्दल जे लिहिलंय तेच उलट्या वाटेने इथे घडलं. टायर वेगवान झाले म्हणून पेट्रोल अडसर बनलं.

ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, गाडी सतत डावीकडे वळते, सगळा भार उजव्या टायरवर. म्हणून शेवटी शेवटी फक्त उजवे दोन बदलायचे आणि पाच-सात गाड्यांच्या पुढे निघायचं, हा डाव. पुढे निघालात, पण मागून चार नवे टायरवाले येणार. टिकाल का? आणि इंडीकार या अमेरिकेतल्या दुसऱ्या मालिकेत तर न थांबण्यानेही शर्यत जिंकता येते. २०१६ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये बाकीच्यांना शेवटी थोडं पेट्रोल घ्यायला आत यावं लागलं. अलेक्झांडर रॉसी पुरवून पुरवून वापरत राहिला, रेषा ओलांडताना गाडी अक्षरशः घरंगळत होती, आणि त्यानंतर टाकी कोरडी.

---

दीर्घपल्ला

ओव्हलप्रेमींनी नॅसकार आणलं, मी ल मान्स, म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, आणतो. दोन्ही कामं एकदम चालत असतील तर मोठं काम वेळ ठरवतं, हे वर आलंच. पण ती एकामागून एक करायची असतील तर? ल मान्समध्ये वर्षानुवर्षं हाच नियम राहिला आहे. इंजिन बंद, पेट्रोलची नळी जोडलेली असेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. टाकीच्या झडपेजवळ एक माणूस हँडल धरून उभा. त्याने हात सोडला की प्रवाह बंद. चाकांवर काम करणारी माणसंही मोजकीच. इथे टायरचा प्रत्येक सेकंद पेट्रोलच्या वेळेवर वाढतो.

त्याचा परिणाम थेट टायरच्या रचनेवर झाला. टायर बदलणं एवढं महाग पडतं म्हटल्यावर एकाच संचावर तीन-तीन, चार-चार टाक्या पेट्रोल संपवायचं, हा ल मान्सचा डाव झाला. मिशेलिन या टायर कंपनीने टिकाऊपणावर एवढा भर दिला तो यासाठीच. फॉर्म्युला वनमध्ये मात्र बदलायला दोन सेकंद लागतात, म्हणून टायर लवकर झिजणारा असला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. थांब्याचा खर्च पिटच्या दारात संपत नाही. थंड टायरवर निघालात तर पहिल्या फेरीत कित्येक सेकंद जातात. २०२३ मध्ये जागतिक एन्ड्युरन्स (दीर्घ पल्ल्याच्या) मालिकेत, जिच्यात ल मान्सही येतं, टायर तापवायला बंदी आली, स्पाला थंड टायरवर गाड्या भिंतीत गेल्या, आणि त्या वर्षीच्या ल मान्सपुरती परवानगी परत द्यावी लागली.

---

सर्किटवेडा

@दीर्घपल्ला, हा मुद्दा फार मोलाचा. यात १९५७ चं न्युरबर्गरिंग जोडतो. फांजियो अर्ध्या टाकीवर आणि मऊ टायरवर निघाला, फेरारीच्या हॉथॉर्न आणि कॉलिन्सला न थांबता जायचं होतं. जवळपास तीस सेकंदांची आघाडी घेऊन तो आत आला, पेट्रोल आणि मागचे टायर दोन्ही घ्यायला. चाकाचा नट गाडीखाली घरंगळला आणि शोधण्यात वेळ गेला. बाहेर पडला तेव्हा तो पाऊण मिनिटाहून जास्त मागे होता. मग फेरीमागून फेरी विक्रम मोडत त्याने दोघांनाही गाठलं. पेट्रोल आणि टायर कधी एकत्र घ्यायचे, हा आजच्या सगळ्या डावांचा मूळ प्रश्न तिथे पूर्णपणे दिसतो. फक्त नट तेव्हा सुटा होता.

---

चौथा_गिअर

मग पेट्रोल परत आणायला हरकत काय, एवढंच माझं म्हणणं. २०१५ मध्ये २०१७ साठी तसा प्रस्ताव आलाही होता. रिग आता जास्त सुरक्षित करता येईल.

---

निळा_झेंडा

आला आणि काही आठवड्यांत बारगळलाही, कारण खर्च वाढत होता आणि संघांच्या हिशेबाने शर्यत जास्त रंगण्याची खात्री नव्हती. आजच्या संगणकांपुढे मॅनी-कूरसारखा डाव गुप्त राहणार नाही. सगळे एकाच आकड्यावर येतील, आणि आपण परत सात सेकंद नळीकडे बघत बसू. डाव वाढवायचे तर टायरचे नियम बदला. मोनॅकोला २०२५ मध्ये दोन थांबे सक्तीचे केले, तसे प्रयोग इतरत्रही करता येतील.

---

नवखी_प्रेक्षक

फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यती, त्यांचं काय? तिथे पिटमध्ये चार्जिंग सुरू झालंय असं ऐकलं.

---

दीर्घपल्ला

हो, २०२५ पासून, जेद्दापासून सुरुवात. ६०० किलोवॉटचा चार्जर, तीस सेकंद, आणि बॅटरीत १० टक्के ऊर्जेची भर. वेळ सगळ्यांना सारखाच आणि टायर बदलायचे नाहीत, म्हणजे पिटमधल्या माणसांना सेकंद वाचवायला जागाच नाही. कितव्या फेरीला आत यायचं आणि बाहेर पडताना गर्दीत सापडायचं की मोकळ्या ट्रॅकवर, एवढंच हातात. चौथा गिअरना जो डोक्याचा खेळ हवाय तो तिथे थोडाफार सापडेल. एकाच संघाच्या दोन गाड्या एकाच फेरीला आत आणता येत नाहीत, त्यामुळे आधी कोणाला बोलवायचं यावर संघात काय होतं ते बघा.